गेटवरची हिरवी

एर्मिनिया सालगादोला खोटं बोलता येत नसे, म्हणून ती अर्धंच बोलायची. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की म्हणायची, "सरकारी नोकरीत आहे, झाडांच्या खात्यात." आणि लगेच विषय स्वतःच्या गुडघ्यांवर आणायची. गुडघ्यांवर बोलायला पालोमास गावात कुणाचीच ना नसायची. पीच फळं निवडायच्या शेडमध्ये दहा-दहा तास उभं राहून सगळ्याच बायकांचे गुडघे कामातून गेले होते.

तसं बघितलं तर ती चूक काहीच सांगत नव्हती. अरासेली झाडांच्या खात्यातच होती. फक्त त्या खात्याची पँट हिरवी, टोपी हिरवी, जाकीट हिरवं, ट्रकही हिरवा, आणि छातीवर पितळी बिल्ला. पालोमासात हिरवी पँट आणि पितळी बिल्ला म्हणजे एकच गोष्ट, मिग्रा. देशात राहायचे कागद नसलेल्या माणसांना बागेतून, बसथांब्यावरून उचलायचं आणि सरहद्दीपलीकडे नेऊन टाकायचं, हे त्यांचं काम. आता रानाचा हिरवा वेगळा आणि मिग्राचा हिरवा वेगळा, हे पाच पावलांवरून कळतंही. पण पाच पावलांपर्यंत थांबतंय कोण?

अरासेली तीन वर्षं वर उत्तरेला ओरेगनात होती तोवर सगळं ठीक होतं. मे महिन्यात तिने स्वतः मागून बदली घेतली, ती थेट गावापासून तासाभरावरच्या सरकारी रानात, नदीकाठी. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने पेट्रोलपंपावरून फोन केला. "आई, युनिफॉर्ममध्येच येतेय. दारात उभी राहा, फोटो काढू."

"कपडे बदलून ये," एर्मिनिया म्हणाली.

"का गं?"

"शेजारी घाबरतील."

अरासेली हसली, मग आई हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून सत्तावीस वर्षांची, कॉलेज शिकलेली, वाहत्या पाण्यातून माणूस बाहेर काढायचं शिक्षण घेतलेली ती पोरगी रोज संध्याकाळी पंपाच्या संडासात एका पायावर उभी राहून पँट बदलायची. एर्मिनियाला हे सगळं कळत होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत होतं. पण वाईट वाटून तिने केलं काय? काहीच केलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका बुधवारी जेवताना अरासेलीने पुन्हा विषय काढला. "आई, या रविवारी तू रानात यायचंच."

"रविवारी चर्चमध्ये मिस्सा असते."

"मिस्सा दहाला संपते."

"माझे गुडघे..."

"गुडघ्यांना नदी चांगली. आणि तुझे गुडघे शेडमध्ये बरे दहा तास उभे राहतात, माझ्याकडे यायचं म्हटलं की दुखतात!" अरासेलीने ताटातल्या घेवड्यात टॉर्टिया बुडवला आणि तो तसाच हातात धरून बसली. "कुणीच येत नाही, आई."

तिने शाळेत जाऊन चौथीच्या पोरांना रानाचे फुकट पास वाटले होते. एका पासावर सगळी गाडी आत, तेही वर्षभर. ज्या शाळेत ती स्वतः शिकली त्याच शाळेत, त्याच बाकांसमोर उभं राहून तिने पोरांना अस्वलाचा दात दाखवला होता. पोरं अशी चेकाळली होती की बाईंना टेबल बडवावं लागलं.

"सगळी ओरडली, येतो, येतो! तीन रविवार झाले, एक गाडी आत आली नाही. येतात तीच ती शहरातली म्हातारी मंडळी, गळ्यात दुर्बीण घालून. तीही चांगली आहेत, पण रान काय त्यांच्या एकट्यांचं आहे? आणि आपल्या गाड्या येतात गं, मला दिसतात! वळणापर्यंत येतात, गेट दिसलं की उलट्या फिरतात. मला वाटलं, पाटी इंग्रजीत आहे म्हणून. मी स्पॅनिश पाटी लावली. मग वाटलं, गेट बंद असल्यासारखं दिसतंय. म्हणून आता मी केबिनमध्ये बसतच नाही. बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहते, दोन्ही हात वर करून हलवते."

एर्मिनियाने हातातला घास ताटात ठेवला. "दोन्ही हात?"

"मग? लांबून दिसायला नको?"

एर्मिनिया पाणी प्यायली. काय चाललंय ते तिला एका क्षणात लख्ख कळलं होतं. सांगायला तोंडही उघडलं तिने. पण समोर ती पोर बसली होती, उन्हाने नाक सोललेली, आणि म्हणत होती, "वॉरन म्हणतो, तुझ्या लोकांना रानाची आवडच नाही." वॉरन म्हणजे तिचा साहेब, निवृत्तीला टेकलेला, मनाने वाईट नाही पण तोंडाचा तिरका. "मी म्हटलं, साहेब, माझ्या लोकांनी जन्म उन्हात काढलाय, एक रविवार त्यांना सावलीत बसायला काय होतंय? तर म्हणाला, ऑगस्टपर्यंत बघू. नाहीतर तुला परत वर पाठवतो, झाडं मोजायला."

'पोरी, ते तुला भितात.' एवढे चार शब्द होते. एर्मिनियाने ते गिळले आणि म्हणाली, "अजून भात घे."

हे न सांगण्याचं कारण जुनं होतं. अरासेलीचे बाबा, लुपे, यांना एकदा मिग्राने प्लमच्या बागेतून नेलं होतं. लुपे जिवंत होते तोवर प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नात तो किस्सा सांगायचे. "मी शिडीवर. खालून हिरवा म्हणतो, उतर! मी म्हटलं, थांब रे, पिशवी भरू दे, नाहीतर मालक ओरडेल!" लोक पोट धरून हसायचे. अरासेली हाच किस्सा ऐकत मोठी झाली. पण त्याच बागेत, चार झाडं पलीकडे, सहा महिन्यांची पोटुशी एर्मिनिया गवतात पालथी पडली होती. तिला फक्त शिडीवरून उतरणारे नवऱ्याचे बूट दिसत होते. हाक मारली असती तर तीही गेली असती. तिने मारली नाही. लुपे पाच महिन्यांनी परत आले तेव्हा अरासेली जन्मली होती. पुढे दोघांचे कागद झाले, घर झालं, सगळं झालं. पण हा भाग एर्मिनियाने कधी कुणाला सांगितला नाही. नवऱ्याचा किस्सा इतका छान रंगायचा, त्यात हा कुठे घालायचा?

गुरुवारी शेडमध्ये पट्ट्यावरून पीच येत होते आणि चायोचं तोंड चालू होतं. चायो एर्मिनियाच्या शेजारी उभी राहायची, गेली एकोणीस वर्षं. फटकळ बाई, पण अडीनडीला पहिली धावणारी.

"माझ्या नाएलीला शाळेतून पास मिळालाय रानाचा," चायो सांगत होती. नाएली तिची नात. "पोरीने डोकं खाल्लं माझं. शेवटी गेलो गेल्या रविवारी. तर गेटवर कोण असेल? हिरवी! बाई! आणि लपूनछपून नाही हं, भर रस्त्यात उभी, दोन्ही हात वर करून गाड्या थांबवतेय!"

"अगं बाई!" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"नाचोने अशी गाडी फिरवली की माझं भाताचं पातेलं मांडीवर आलं." नाचो तिचा भाचा. त्याचे कागद नव्हते. "डोकं बघा यांचं. शाळेत पोरांना पास वाटायचे आणि गेटवर आईबापांना धरायचं!"

"आणि टोपीखालून दिसली तेवढ्यावरून आपल्यातलीच वाटली की नाही?" समोरच्या रांगेतल्या बाईने विचारलं. तीही तिथवर जाऊन परत आली होती.

"तेच तर! गोऱ्याने केलं तर समजू शकते मी. आपल्यातली असून? तिच्या आईला रात्री झोप कशी लागते, मला सांग!"

सगळ्या हसल्या. एर्मिनियाच्या हातातला पीच कधी दाबला गेला ते तिला कळलंच नाही, रस कोपरापर्यंत आला. तिने तो टाकाऊ फळांच्या टोपलीत टाकला.

"मिनिया, तुझी पोरगी झाडांच्या खात्यात ना?" चायो वळली. "विचार की तिला, कोण ही भवानी?"

"ती ऑफिसात असते," एर्मिनिया म्हणाली. "तिला गेटचं काय माहीत असणार?"

हे मात्र अर्धं नव्हतं. हे सबंध खोटं होतं, आणि ते इतकं सहज बाहेर पडलं की तिची तीच चपापली.

"जाऊ दे. या रविवारी जुन्या पुलाखाली जाऊ. तिथे गेट नाही की काही नाही."

"तिथे पाणी ओढतं," एर्मिनिया घाईने म्हणाली. अरासेलीनेच सांगितलं होतं तिला. डोंगरावरचं बर्फ अजून वितळतंय, पुलाखालच्या वळणावर पाणी वरून शांत दिसतं आणि खालून खेचतं, गारठा असा की दोन मिनिटांत बोटं मिटत नाहीत. गेटच्या आत मात्र वाळूचा काठ आहे, पाणी संथ.

"तुला कुणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी."

"मग तूही चल लक्ष ठेवायला. घरी बसून काय माशा मारणार आहेस?"

एर्मिनिया हो म्हणाली. पोरांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, असं तिने स्वतःला समजावलं. मुलीने चार वेळा बोलावलं तेव्हा दुखणारे गुडघे चायोबरोबर निघाले तेव्हा कसे दुखले नाहीत, हे स्वतःला विचारायचं तिने टाळलं.

रविवारी मिस्सा झाल्यावर नाचोच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये नऊ माणसं बसली. मागे भाताचं पातेलं, मसाला चोळलेली कोंबडी, कलिंगड. नाएली एर्मिनियाला खेटून बसली होती, गळ्यात दोऱ्याने पास अडकवून.

पुलाकडे उतरणारी मातीची वाट गेटच्या अगदी अलीकडे फुटत होती, त्यामुळे गेट दिसेपर्यंत जावंच लागायचं. वळण आलं. आणि रस्त्यात अरासेली उभी होती. टोपी, बिल्ला, चकचकीत बूट, दोन्ही हात वर. वळण्यासाठी गाडी हळू झाली तशी ती चार पावलं पुढे धावत आली. एवढ्या लांबूनही ती हसतेय ते दिसत होतं. बिचारीला वाटलं, ही गाडी तरी थांबली.

एर्मिनिया खाली वाकली. डोकं पार गुडघ्यांपर्यंत नेलं तिने. पोरीने बघू नये म्हणून वाकली, की हिरवं दिसलं म्हणून वाकली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही काय शोधताय, दोन्या मिनिया?" नाएलीने विचारलं. मोठ्या बायकांना ती आदराने 'दोन्या' म्हणायची.

"चप्पल."

"आजी, तीच ती बाई!" नाएली खिडकीला नाक लावून ओरडली. "शाळेत आली होती! तिनेच दिलाय पास! चांगली आहे ती!"

"गप्प बस गं," चायो म्हणाली, आणि नाचोने व्हॅन मातीच्या वाटेला घातली.

पुलाखाली आणखी दोन कुटुंबं आधीच आली होती. चूल पेटली, गाणी लागली, बाप्ये शर्ट काढून पाण्यात उतरले. एर्मिनिया काठावर बसून पोरांवर ओरडत राहिली. "कमरेच्या पुढे नाही! ए, ऐकू येतंय का?" पोरं ऐकत होती थोडं थोडं. कुणाच्या तरी खांद्यावर बसून नाएली मधल्या सपाट खडकावर गेली आणि राणीसारखी बसली. तासभर बरा गेला. कोंबडीचा वास सुटला होता.

मग वरून ट्रकचा आवाज आला.

अरासेलीला मातीच्या वाटेवर धूळ दिसली होती. पुलाखाली माणसं उतरली असणार हे तिने ओळखलं, आणि तिथलं पाणी कसं आहे हेही तिला माहीत होतं. म्हणून ती आली. ट्रकमधून उडी मारूनच ती ओरडली, "पाण्यातून बाहेर या! सगळे! लगेच!"

स्पॅनिशमध्येच ओरडली, पण ऐकणाऱ्यांना त्यात हुकूम तेवढा ऐकू आला. कुणीतरी "मिग्रा!" म्हणालं आणि सगळा काठ उठून पळाला. बूट, टॉवेल, चुलीवरची कोंबडी तिथेच. चायो हातातल्या डावासकट चढण चढून गेली. नाएली नाचोबरोबर असेल असं तिला वाटलं. नाचोला वाटलं, आजीबरोबर असेल.

एर्मिनियाही पळाली. कसली पळाली! जिना चढताना दोनदा थांबणारी बाई सुसाट जाऊन वाळुंजाच्या झुडपात पालथी पडली. छातीखाली माती, तोंडात गवत. बागेतला तोच वास. एक श्वास, दोन श्वास. मग तिने डोकं उचललं. झुडपाच्या फटीतून नदी दिसत होती. खडकावर नाएली एकटी उभी होती आणि रिकाम्या काठाकडे बघत होती.

"आजी?" पोरगी म्हणाली, आणि काठाकडे यायला तिने पाण्यात पाय टाकला.

पाण्याने तिला आवाजसुद्धा करू दिला नाही. वीसेक पावलं खाली एक झाड आडवं पडलं होतं, त्याच्या फांदीला ती अडकली, दोन्ही हातांनी लोंबकळत, पाणी गळ्यापर्यंत. अरासेलीने पिवळ्या पिशवीतला दोर नेमका फेकला, तो पोरीच्या खांद्यावर पडला. पण गारठलेली बोटं मिटेनात. अरासेलीने दोर ओढून घेतला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि झुडपांकडे बघून ओरडली, "कुणीतरी टोक धरा! मी पकडायला आलेले नाही!"

कोण हलणार? पकडायला आलेले नाही, असं तर तेही म्हणतात.

एर्मिनिया उठली. आपण उठलोय हे तिला धावताना कळलं. काठावर येऊन तिने दोराचं टोक हाताला गुंडाळलं.

"आई?" अरासेली म्हणाली. ती मांड्यांपर्यंत पाण्यात होती.

"जा!"

अरासेली गेली. प्रवाहाने तिला घेतलं आणि दोर असा ताणला की एर्मिनिया दोन पावलं पाण्याकडे खेचली गेली. ती मागे रेलली, टाचा वाळूत रुतवल्या, वाळू सरकत होती. "चायो!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "नाएली पाण्यात आहे! चायो!"

चायो किंचाळत उतरली आणि तिने मागून एर्मिनियाची कंबर धरली. पण दोन म्हाताऱ्यांचं वजन ते किती? चढणीवर नाचो आणि दुसरे तिघे बाप्ये उभे होते. त्यांनाही पोर दिसत होती. पण मध्ये तो ट्रक होता, दार उघडं, आणि आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं. चौघांच्या घरी लहान पोरं होती. पाय पुढे यायचे आणि थांबायचे.

"अरे, काय बघताय!" एर्मिनियाचा आवाज फाटला. "मिग्रा नाही ती! माझी पोर आहे! माझी अरासेली आहे ती, माझी चेली, माझी आणि लुपेची! माझी मुलगी पाण्यात आहे, या रे, कुणीतरी या!"

चौघेही आले. त्यांनी दोर धरला आणि ओढला, हातावर हात टाकत. अरासेली पोरीला छातीशी धरून उताणी वाहत काठाला लागली. नाएलीचे ओठ निळे पडले होते. अरासेलीने ट्रकमधून आपलं हिरवं जाकीट आणून तिला त्यात गुंडाळलं आणि तिचे तळहात चोळत राहिली. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, "पास भिजला."

"दुसरा देईन," अरासेली म्हणाली. तिचे दात वाजत होते.

चायोने नातीला कुशीत घेतलं. मग ती एर्मिनियाकडे वळली. ती ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं. "दोन महिने तू माझ्या शेजारी उभी होतीस, मिनिया. मी तिच्या आईला नावं ठेवली, तूही ऐकून घेतलीस. एक शब्द बोलली असतीस तर आम्ही गेटमधून आत गेलो असतो. तिथे पाणी संथ आहे म्हणतात ना? तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं."

चायोने मान हलवली आणि पोरीला घेऊन व्हॅनकडे गेली.

अरासेली ओला दोर पिशवीत भरत होती. वर न बघता तिने विचारलं, "तू कुठल्या गाडीतून आलीस?"

"पांढऱ्या."

"त्या गाडीकडे मी धावत आले होते."

"हो."

"मला तू दिसली नाहीस."

"खाली वाकले होते," एर्मिनिया म्हणाली.

अरासेलीने दोराचं शेवटचं टोक पिशवीत घातलं, पिशवीची नाडी आवळली, आणि आईला ट्रकमध्ये बसवून घरी सोडलं.

सोमवारी शेडमध्ये पट्टा सुरू व्हायच्या आधी एर्मिनियाने हातमोजे चढवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गेटवरची हिरवी माझी मुलगी आहे. रानाची राखणदार आहे. मिग्राचा आणि तिचा काही संबंध नाही. हे आधीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं." समोरच्या रांगेतली बाई जागा बदलून पलीकडे गेली. चायो आपल्या जागेवरच राहिली, पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने आठवडाभर तोंड उघडलं नाही. पट्ट्याचा आवाज इतका मोठा असतो हे एर्मिनियाला तेव्हा कळलं.

घरी तशीच तऱ्हा. अरासेली यायची, जेवायची, ताट धुवायची. शुक्रवारी ताट धुता धुता ती म्हणाली, "वॉरनने सुचवलंय, रविवारी साधा शर्ट घाल, बिल्ला नको, टोपी नको. तो म्हणाला, चुकलं माझं, मला हे सुचलंच नव्हतं."

"मग?"

"मी नाही म्हटलं. पंपावर बदलते तेवढं पुरे आहे."

एर्मिनिया खुर्चीवर बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. मग तिने तो भाग सांगितला. बाग, गवत, शिडीवरून उतरणारे बूट, न मारलेली हाक. अरासेलीने नळ बंद केला.

"बाबा तर सांगायचे..."

"बाबा हसवायचे गं. त्यांना हसवायचंच होतं. मी तेव्हा पालथी पडले होते, तू पोटात होतीस. परवाही पडले. तुला बघून पडले, चेली. तुझी लाज वाटून नाही, देवाशपथ नाही. डोक्याला कळतं तू कोण आहेस ते. पायांना कळत नाही."

अरासेलीने ओले हात पुसले. "मग मी काय करू? सगळ्यांचेच पाय तसे असतील तर? परत जाऊ वर?"

"मला काय विचारतेस," एर्मिनिया डोळे पुसत म्हणाली, "मी कुठे शिकलेली आहे?"

रविवारी मात्र ती मिस्सेला गेली नाही. मिस्सेचा निळा झगा घालून, कानात डूल घालून सकाळीच मुलीच्या गाडीत जाऊन बसली. अरासेलीने तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. पंपावर गाडी थांबवली नाही. अरासेली घरातूनच युनिफॉर्म घालून निघाली होती, गल्लीतून, सगळ्यांच्या दारांसमोरून.

गेटवर पोचल्यावर एर्मिनिया उतरली आणि चालत पुढे गेली, मातीची वाट फुटते तिथवर. तिथे रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ऊन चढलं. दुर्बीणवाली दोन माणसं हात करून आत गेली. मग बराच वेळ कुणीच नाही.

साडेअकराला वळणावरून एक तपकिरी गाडी आली, टपावर गाद्या आणि रबरी चाक बांधलेली. गेट दिसलं तशी ती थबकली. एर्मिनिया तिच्याकडे चालत गेली. गाडीची काच दोन बोटं खाली झाली. आत अनोळखी माणूस, शेजारी बायको, मागे चार पोरं. माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "सेन्योरा, पकडलंय का तुम्हाला? तिचं लक्ष नाहीये. मागचं दार उघडं आहे, बसा पटकन!"

पोरांनी सरकून जागाही केली होती. एर्मिनियाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. यांना स्वतःचा जीव मुठीत धरून पळायचं होतं, तरी एका अनोळखी म्हातारीसाठी दार उघडलं होतं.

"पकडलं नाही रे बाबा," ती म्हणाली. "ती माझी मुलगी आहे."

"ती? ती हिरवी?"

"ती हिरवी. रान राखते, माणसं नाही. मी तिची आई आहे आणि गेल्या रविवारी मीसुद्धा तिला बघून पळाले, म्हणून तुम्ही पळालात तर मी काही म्हणणार नाही. पण आधी एकदा नीट बघून घ्या तिला."

माणसाने बघितलं. त्याच्या बायकोने बघितलं. मागच्या पोरांनी माना लांब करून बघितलं. गेटवर अरासेली हात खाली सोडून उभी होती. आज तिने ते वर केलेच नव्हते. तिला किती भीती वाटतेय ते एर्मिनियाला एवढ्या लांबूनही दिसत होतं.

माणसाने बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले आणि काहीतरी पुटपुटली. त्याने काच वर केली, गाडी गियरमध्ये टाकली. गाडी एर्मिनियाला वळसा घालून हळूहळू, चालत्या माणसाच्या वेगाने, सरळ गेटकडे निघाली.

"आई!" तिकडून अरासेलीचा आवाज आला, फुटलेला, आठवड्यातला पहिला मोठा आवाज. "रस्त्यातून बाजूला हो! चिरडली जाशील!"

"तू तुझं काम कर!" एर्मिनिया ओरडली आणि होती तिथेच उभी राहिली. वळणावरून आणखी एक गाडी येत होती.